उरलेला अर्धा पडदा

दिग्रसच्या बसस्टँडवर एका बकरीनं उर्वशीच्या कॉम्प्युटरचा माउस चघळायला घेतला नसता, तर पुढचं काहीच घडलं नसतं. माउस नवाकोरा होता, यवतमाळहून आणलेला. पिशवीतून त्याची वायर जराशी बाहेर लोंबत होती, आणि लोंबणारी कुठलीही वस्तू बकरीला शेवयाच वाटते.

दिवस कापसाच्या हंगामाचे. जिनिंगं सुरू झाली की दिग्रसच्या हवेत इतकी रुई उडते, की चहा दोनदा गाळावा लागतो. एका मास्तरांनी हंगामभर मिशी झटकली नाही, तर होळीच्या सुमारास त्या मिशीतून अख्खी उशी निघाली. नुसता अभ्रा शिवायचा राहिला होता. तर अशा उडत्या रुईत, एका बाजूनं उर्वशी आणि दुसऱ्या बाजूनं बकरी, अशी वायरची रस्सीखेच चालली होती.

"ओढू नका! दात लागतील वायरले."

कुणीतरी मागून पुढे आलं. बकरीच्या ओठाच्या कोपऱ्यात अंगठा घातला, आत जरासा दाबला... आणि बकरीनं, शाळेतल्या पोरानं मास्तरांपुढे हात उघडावा तसं, निमूट तोंड उघडलं.

"तिथं दात नसतात," तो म्हणाला. "गाईले नाही, बकरीले नाही. अंगठा घातला की तोंड उघडतेच."

"तुम्ही काय बकऱ्यांचे डेंटिस्ट आहात?"

"डॉक्टर. सगळ्याच जनावरांचा. अश्वजित. पुसदले असतो... बाजाराच्या दिवशी इकडे येतो."

"अन् ही तुमची पेशंट?"

"आत्ता झाली."

त्यानं खिशातला रुमाल काढला आणि ओली वायर पुसू लागला. इतकी सावकाश, की जणू ती वायर नुकतीच जन्माला आली होती. "हे कायले लागते तुम्हाले?"

"प्रोग्राम लिहिते मी. कॉम्प्युटरचे."

"म्हंजे गेम?"

"म्हंजे काम."

तो हसला. मग त्याचा हात उर्वशीच्या कपाळाच्या दिशेनं अर्धा उठला आणि तिथंच थांबला. "तुमच्या केसात..."

"काय?"

"नाही... रुई आहे. राहू द्या. बरी दिसते."

उर्वशीनं ती रुई संध्याकाळपर्यंत काढली नाही. आत्यानं विचारलं तेव्हा "कुठं आहे?" असं म्हणून आरशात मात्र तीनदा पाहून आली.

*

दिग्रसच्या मेन रोडवर, जिन्यानं वर गेलं की उर्वशीचं दुकान. एकाच खोलीचे दोन भाग. पुढे तिच्या पंचफुलाआत्याची शिलाई मशीन, मागे उर्वशीचा कॉम्प्युटर. आत्या गावातल्या बायकांची मापं घ्यायची, उर्वशी गावातल्या दुकानांची. बियाण्यांचं दुकान, सोनाराचं दुकान, आणि आता पुसदचा जनावरांचा दवाखाना. तो दवाखाना बापूजी नावाच्या म्हाताऱ्या डॉक्टरांचा. त्यांचं अक्षर असं, की एका बैलासाठी लिहिलेला कागद औषधवाल्यानं पुसदचा नकाशा समजून भिंतीवर लावला होता. म्हणून अश्वजितनं प्रोग्राम करायला सांगितला. जनावर कोणतं, मालक कोण, लक्षणं काय, औषध काय. एवढंच.

पुढच्या बाजाराच्या दिवशी तो लॅपटॉप घेऊन आला. उर्वशीनं आपल्या मोठ्या स्क्रीनवर त्याला दाखवलं.

"ही लक्षणं लिहायची चौकट. सहा ओळी दिसतील एवढी उंच."

"सहाच? मॅडम, आमचा मानूस बकरीचं पोट दुखते हे सांगाले, बकरी कोनाच्या लग्नात आंदन आलती तिथून सुरू करते."

"करू द्या. चौकट सहाच ओळींची राहते. त्याहून जास्त लिहिलं की बाजूला ही पट्टी आपोआप येते. ती धरून खाली सरकवायची. माणूस कितीही बोलला तरी चौकट आपली जागा सोडत नाही."

"अन् मानूस कमी बोलला तं?"

"तर पट्टी येतच नाही."

"म्हंजे गरज पडली तरच दिसते."

"गरज पडली तरच."

"बरं आहे," तो म्हणाला. तो चौकटीकडे पाहत नव्हता. "आमच्यासारखं नाही. आम्ही गरज नसली तरी दिसतो."

पुढून आत्याची मशीन थांबली. आत्याचे कान मशीनच्या सुईहून बारीक. उर्वशीनं घाईघाईनं की-बोर्ड त्याच्याकडे सरकवला. "लिहून पाहा काहीतरी."

त्यानं दोन बोटांनी लिहिलं... 'पेशंट बकरी. लक्षणं, माउस दिसला की सोडत नाही. माउसवाली दिसली की...' आणि भरभर खोडलं.

"काय खोडलं?"

"काही नाही. ऱ्हस्वदीर्घ चुकलतं."

*

पुढच्या बाजाराच्या दिवशी तो जिना चढून आला तो हाशहुश करत. "मॅडम, चौकट गेली!"

"कुठं गेली?"

"मले काय माहीत? लक्षणं लिहाले गेलो, तं नुसती रेघ उरलेली. ब्लेडच्या पात्यासारखी. सहा ओळी सोडा, त्यात एक मात्राही माईना."

त्यानं लॅपटॉप उघडून दाखवला. खरंच. जनावराचं नाव जागेवर, मालकाचं नाव जागेवर, औषध जागेवर, आणि मधल्या मोठ्या चौकटीच्या जागी एक आडवी फट.

उर्वशीला कारण एका नजरेत कळलं. तिनं प्रोग्राम बेतला होता आपल्या मोठ्या स्क्रीनवर. या लॅपटॉपचा पडदा लहान आणि त्यावरची मराठी अक्षरं जरा अंगानं भरलेली. प्रोग्रामच्या खिडकीत बोटभर जागा कमी पडली. आता बोटभर कमी पडली तर चौकटीनं बोटभर लहान व्हावं, हा झाला शहाणपणा. पण चौकटीचा स्वभाव रुसलेल्या जावयाचा. मनासारखा पाट मिळाला नाही, तर तो कोपऱ्यात सरकून बसत नाही. तो सरळ बसस्टँडवर जाऊन उभा राहतो. पूर्ण माप मिळत नाही म्हटल्यावर चौकट थेट आपल्या किमान मापावर उतरली होती, आणि ते किमान माप उर्वशीनं तिला कधी सांगितलंच नव्हतं.

उपाय दोन होते. एक आत्ताचा. खिडकीचा कोपरा धरून ती पूर्ण ताणायची, की चौकट परत. दुसरा कायमचा. यापेक्षा लहान व्हायचं नाही आणि उरलेली जागा तुझीच, असं चौकटीला एकदा बजावायचं. चहा निवायच्या आत होईल एवढं काम.

पण चहा आला होता. अश्वजितच्या खांद्यावर रुईचा एक पुंजका बसला होता, आणि बशीत चहा ओतताना तो ओठ असे पुढे करत होता, की...

"अवघड आहे," उर्वशी म्हणाली.

"लय?"

"मोप."

तिनं फक्त अक्षरं जराशी लहान केली. चौकट तेवढ्यापुरती आली. "सध्या चालेल," ती म्हणाली, "पुन्हा काही झालं, तर... या."

तो गेल्यावर आत्यानं तोंडातली टाचणी काढली. "उर्वशे, ब्लाउजाले शिवनीत जराक माया ठेवाव, तं तू ते बी ठेवली नाही. पुन्हा उसवन ते."

"उसवू दे न आत्या."

आत्यानं टाचणी परत तोंडात धरली, नाही तर हसू बाहेर आलं असतं.

*

चौकट पुन्हा मिटली. मग पुन्हा. दर बाजाराच्या दिवशी ती मिटायची, दर वेळी उर्वशी ठिगळ लावायची. कधी मालकाच्या नावाची जागा आखूड कर, कधी औषधाची एक ओळ काप. दर वेळी जिन्यावर तेच पाऊल, दारात तेच वाक्य. सगळं कसं गोड चाललं होतं... आणि त्यात एक खडा लागला. खड्याचं नाव रंजिता.

"रंजितानं म्हनलं, कुत्र्यासाठी वेगळा रंग ठेवा."

"कोण रंजिता?"

"आमच्या दवाखान्यात आहे न. पुसदजवळच्या तांड्यावरची. मी जनावर पाहतो, ते टाइप करते."

पुढच्या वेळी, "रंजितानं काल मारका गोऱ्हा एकटीनं पाडला!" त्याच्या पुढच्या वेळी, "रंजिता हसली तं शेजारच्या गोठ्यातली गाय पान्हावली." हे शेवटचं तो थट्टेनं म्हणाला होता. पण उर्वशीच्या डोळ्यांपुढे ती गाय उभी राहिली ती हटेना.

"दिसायला कशी आहे?" तिनं माउस साफ करत विचारलं.

"कोन, गाय?"

"रंजिता."

"चांगली आहे," अश्वजित म्हणाला. बिचारा जनावरांचा डॉक्टर. बाईच्या आवाजातला ताप त्याला थर्मामीटर लावूनही कळला नसता. "उंच आहे. स्कूटर अशी चालवते, जशी घोडी."

"तुम्हाला घोडीची भारी पारख."

"नाही बाप्पा! मले घोड्याचं भेव वाटते. नाव अश्वजित, पन घोडा आला की रंजितालेच पुढे करतो."

त्या दिवशी उर्वशीनं चहा मागवला नाही.

हेवा म्हणजे कुसळ. सदऱ्यात कुठं आहे ते सापडत नाही, आणि हललं की टोचतं. उर्वशी हलायची थांबली, तरी टोचायचं. आणि मग तिला दिसलं ते, जे तिच्यासारख्या प्रोग्राम लिहिणारीलाच दिसावं.

त्या वेळी चौकट पुन्हा मिटून आली होती. उर्वशी ठिगळ लावायला बसली, आणि तिचा हात थांबला. आतापर्यंत तिनं इतकी काटछाट केली होती, की प्रोग्राम त्या लॅपटॉपवर आरामात मावायला हवा होता. मग चौकट मिटली कशी? तिनं नीट पाहिलं. खिडकीच लहान होती. कुणीतरी कोपरा धरून ती ओढून लहान केली होती... पडद्याच्या अर्ध्यापर्यंत.

अर्ध्या पडद्यावर प्रोग्राम. बरं. मग उरलेल्या अर्ध्या पडद्यावर काय?

माणूस खिडकी अर्धी कधी करतो? शेजारी दुसरं काही पाहायचं असलं तरच. एका अर्ध्यात म्हशीचं दुखणं, दुसऱ्या अर्ध्यात... गाणी? सिनेमा? आणि पाहणार कोण? एकटा? लॅपटॉपपुढे दोन खुर्च्या, एक याची, एक टाइप करणारीची...

तेवढ्यात की-बोर्डच्या दोन बटणांच्या फटीत काहीतरी चमकलं. उर्वशीनं टाचणीनं उकरून काढलं. आरशाचा इवलासा गोल तुकडा. बंजारा ओढणीवर टाकलेलं असतं तसलं आभलं.

"हे कोणाचं?"

"अरे! रंजिताच्या ओढनीचं असंल," अश्वजित आनंदानं म्हणाला. "काल शोधून राह्यली होती."

एवढ्याशा आभल्यात उर्वशीला आपला एक डोळा दिसला. लाल झालेला.

ती वळली, आणि टाइप करू लागली. बटणं अशी वाजत होती, की पुढे आत्याला मशीन थांबवावी लागली. चौकटीला तिचं किमान माप सांगितलं. उरलेली सगळी जागा तिच्या नावे केली. आधीची सगळी ठिगळं उसवून टाकली. चहा निवायच्या आत काम झालं, कारण चहा नव्हताच.

"घ्या." तिनं खिडकीचा कोपरा धरून ती लहान केली, मोठी केली, पुन्हा लहान केली. चौकट तिच्यासोबत लहान होत होती, मोठी होत होती, पण मिटत नव्हती. "कितीही दाबा, आता हिची रेघ होणार नाही. कायमचं झालं."

अश्वजितचं तोंड उतरलं. "कायमचं?"

"हो. परत यायचं काम नाही."

"पन... समजा, काही..."

"काही होणार नाही. मी लिहिलंय ते."

तो उभा राहिला. लॅपटॉप छातीशी धरला. दारात जाऊन थांबला. "अवघड म्हनत होत्या तुम्ही..."

"आज सोपं वाटलं," उर्वशी म्हणाली, आणि आभलं त्याच्या हातावर ठेवलं. "हे देऊन टाका तिचं तिला."

*

पुढचा बाजाराचा दिवस आला. जिन्यावर पाऊल वाजलं, आणि उर्वशीनं केस नीट केले. एक बाई फॉल-पिको करायला आली होती. त्याच्या पुढच्या बाजाराच्या दिवशी एकजण वीजबिल विचारायला आला, आणि त्याच्याकडे उर्वशीनं असं पाहिलं, की तो न विचारताच भरायला गेला.

पुसदमध्ये आता काय चाललं असेल? उर्वशी दुपारभर तेच रंगवत बसायची. तिनंच केलेली ती ऐसपैस, न मिटणारी चौकट. तिच्यापुढे दोन खुर्च्या. आता प्रोग्राम बिघडत नाही, म्हणजे त्याला दिग्रसला यायची कटकट नाही. म्हणजे बाजाराचा दिवसही रंजिताचा. स्वतःच्या हातानं गादी भरून द्यावी, आणि तिच्यावर दुसरीनं लोळावं! तिनं स्वतःच्या स्क्रीनवर तो प्रोग्राम उघडला. कोपरा धरून आत ढकलला. चौकट लहान झाली, मिटली नाही. अजून ढकलला. मिटली नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिला आपल्याच पक्क्या कामाचा इतका राग आला.

"फोन कर न त्याले," आत्या म्हणाली.

"कशाबद्दल करू? बिघडलं काही नाही."

"तुयं बिघडलं ते?"

उर्वशीनं खिडकीचा कोपरा आणखी एकदा आत ढकलला.

आणि मग एका ढगाळ दुपारी जिना धाडधाड वाजला. दारात एक उंच मुलगी. ओढणीवर आभलीच आभली, एका ठिकाणी फक्त रिकामा दोरा. आत येताच तिनं खोली अशी न्याहाळली, जसा बैल विकत घेणारा बैल न्याहाळतो.

"उर्वशी कोन?"

"मी."

"मी रंजिता." ती न विचारता बसली. "तुया प्रोग्राम चांगला आहे. लय चांगला आहे. तो पह्यलेसारखा खराब करून दे."

उर्वशीला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "खराब?"

"मंग काय करू व बाई! डॉक्टर कामच करून नाही राह्यला. बापूजी तिकडे कावून गेले. सकाळपासून खिडकीचा कोपरा धरते, लहान करते, मोठी करते, लहान करते... अन् चौकट मिटत नाही म्हनून उसासा टाकते. काल एका बोकडाले एकच इंजेक्शन दोनदा द्याले निघालता. बोकडच पळालं म्हनून बरं."

"पण... चौकट तर त्याला नकोच होती मिटलेली..."

"नकोच होती?" रंजिता अशी हसली, की गायीची गोष्ट खरी असावी असं उर्वशीला वाटून गेलं. "बाई, पह्यल्यांदा मिटली ना, तवा मीच त्याले दाखवलं. खिडकी तान, चौकट येते. आली. मी म्हनलं, झालं, आता कायले दिग्रसले जातं? तं म्हनते कसा, 'रंजिता, तू काही पाह्यलं नाही.' अन् खिडकी पुन्हा लहान केली, झाकन लावलं, बस पकडली! तवापासून हेच. बाजाराचा दिवस आला की अर्धी खिडकी. दुसऱ्या दिवशी मले तानत बसा लागते. मी त्याची नोकर हाव का तुमच्या खिडक्या तानाले?"

पुढच्या भागात आत्याला खोकला आला. बराच वेळ येत राहिला.

उर्वशीचा चेहरा गरम झाला. पण कुसळ अजून होतंच. "अन् तू? तुला तो... आवडत नाही?"

रंजितानं जरा विचार केला. खोटं बोलायचा तिचा विचार दिसत नव्हता. "आवडला होता. पह्यल्या दिवाळीले. आमच्या याडीले, मायले, सांगतलंही होतं मी. मंग पाह्यलं, हा मानूस प्रोग्राम बिघडवून आनंदानं बसमदी चढते. मी म्हनलं, जाऊ दे. याचं दुखनं आपल्या दवाखान्यातलं नाही."

हे ती हसतच म्हणाली, पण ओढणीचा रिकामा दोरा बोटाला गुंडाळत म्हणाली. उर्वशीनं ते पाहिलं. तिच्या हेव्याला पहिल्यांदाच थोडी लाज वाटली. पण हेवाच तो. लाजला तरी उठून जात नाही.

"एक सांग," ती म्हणाली. "खिडकी अर्धी असायची, तेव्हा उरलेल्या अर्ध्यात काय पाहायचा तो?"

"ते त्यालेच विचार." रंजिता उठली. "चाल. स्कूटर खाली आहे."

"आत्ता? पण मी काय सांगून जाऊ? काही काम नाही तिथं माझं..."

"काम नाही म्हनूनच जाय," आत्या पुढून ओरडली. "कामानं तं कोनीही जाते."

*

दिग्रस सोडलं आणि अवकाळी पाऊस सुरू झाला. वाटेत जिथं तिथं माणसं कापसावर ताडपत्र्या टाकत धावत होती आणि आभाळाला ठेवणीतल्या शिव्या देत होती. रंजिताची स्कूटर इतकी जोरात चालली होती, की थेंब अंगावर पडायच्या आत मागे राहत होते. पुसदला पोचल्यावर दोघींच्या फक्त पाठी ओल्या होत्या. आणि सगळ्या रस्ताभर त्या आभल्यांची ओढणी उर्वशीच्या तोंडावर फडफडत होती, गालाला चापट्या मारत. उर्वशीनं त्या निमूट खाल्ल्या. काही आपल्या वाट्याच्याच आहेत, असं तिला वाटलं.

दवाखान्याच्या मागच्या पत्र्याखाली एक म्हैस उभी होती. म्हशीच्या तोंडाशी तिचा मालक नेमसिंग, आणि म्हशीच्या दुसऱ्या टोकाला अश्वजित. त्याचा उजवा हात खांद्यापर्यंत म्हशीच्या आत. गाल म्हशीच्या मांडीला टेकलेला. अडलेली म्हैस. पिल्लाचा एक पाय मागे दुमडलेला होता, आणि तो आतल्या आत चाचपून सरळ करायचा होता.

"डॉक्टर," उर्वशी म्हणाली.

अश्वजितची मान वळली. बाकी काहीच वळण्यासारखं नव्हतं. "तुम्ही... इथं?"

"चौकट मिटत नाही म्हणे."

"कोनं सांगतलं?" त्यानं रंजिताकडे पाहिलं. रंजिता एकदम फार मन लावून सलाईनची बाटली शोधू लागली.

"उरलेल्या अर्ध्या पडद्यावर काय होतं?"

"कायचा अर्धा?"

"खिडकी अर्धी करून आणायचे ना? मग बाकीच्या अर्ध्यात काय पाहायचे? कोणासोबत?"

"मॅडम, माया हात..."

"हात राहू द्या. तोंड मोकळं आहे."

नेमसिंगनं म्हशीचं शिंग सोडलं नाही, पण कान इकडे केला.

"काहीच नव्हतं तिथं," अश्वजित म्हणाला. पत्र्यावर पाऊस वाजत होता, म्हणून त्याला जरा मोठ्यानंच बोलावं लागत होतं. "रिकामं होतं. नुसतं निळं. मी खिडकी अर्धी करायचो, अन् त्या निळ्याकडे पाहत... पाठ करायचो."

"काय पाठ करायचे?"

"तुम्हाले काय बोलायचं ते. दर वेळी करायचो. जिना चढेपर्यंत ध्यानात राहायचं. अन् दारात आलो की तोंडातून निघायचं... 'मॅडम, चौकट गेली.'"

रंजिताच्या हातून बाटली निसटता निसटता राहिली.

"मग आता म्हणा," उर्वशी म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "जे पाठ केलं होतं ते."

"आता? असं?"

"बोलून टाका डॉक्टर," नेमसिंग म्हणाला, "पन हात हालवत राहा. माही म्हैस थांबून आहे."

अश्वजितनं डोळे मिटले. एक तर त्याला पिल्लाचा खूर सापडला होता, किंवा शब्द. "उर्वशी... मले तुम्ही लागता. चौकट असो का नसो. बिघडो का न बिघडो. मले नुसतं येऊन बसाचं आहे तिथं, तुमच्या... अयाई गं!"

म्हशीला कळ आली होती. त्याचा हात आत आवळला गेला.

"मला पहिल्या दिवशीच माहीत होतं," उर्वशी भडाभडा बोलून गेली. "चौकटीचा उपाय. चहा निवायच्या आत झाला असता. अवघड काही नव्हतं. मी मुद्दाम केला नाही. तुम्ही परत यावं म्हणून."

अश्वजितनं डोळे उघडले. "म्हंजे तुम्हाले माहीत होतं?"

"हो."

"अन् मले माहीत होतं."

"हो."

"अन् मी सगळा हंगाम तिकिटं काढून राह्यलो!"

"अन् मी चहा पाजून राह्यली!" उर्वशी म्हणाली. तिचं बोलणं कधी नव्हे ते पार अश्वजितच्या वळणावर गेलं होतं.

"पाय आला!" अश्वजित ओरडला. "सरळ झाला! दोरी... रंजिता, दोरी!"

रंजितानं दोरी आणली. त्यानं आत फास बसवला, आणि बाहेरचं टोक धरायला हात मागे केला. त्या हातात दोरी रंजिता देणार, तेवढ्यात उर्वशी मध्ये शिरली. तिनं दोरी रंजिताच्या हातून घेतली. हिसकावली असंही म्हणता येईल.

"मी धरते."

"धर व बाई, धर," रंजिता म्हणाली आणि दोन पावलं मागे झाली. "तुयीच दोरी आहे ते."

"कळ आली की ओढा," अश्वजित म्हणाला. "कळ थांबली की थांबा. जोर म्हशीचा. आपन नुसतं सोबत."

दोघांनी ओढलं. थांबले. ओढलं. त्याचा खांदा तिच्या खांद्याला लागत होता, तिची ओढणी चिखलात गेली होती, आणि पावसाचा, शेणाचा, आयोडीनचा असा काही वास सुटला होता, की पुढे आयुष्यभर उर्वशीला तो अत्तराहून बरा वाटला. मग एकदम, सगळा भार हातात आल्यासारखं, पिल्लू घरंगळत खाली आलं. काळंभोर. चकचकीत. नाक पुसताच शिंकलं.

"वगार! पोरगी झाली!" नेमसिंगनं आभाळाकडे हात जोडले. "डॉक्टर, पह्यलं दूध तुमच्या घरी. दोघांच्याही."

अश्वजित वगारीशेजारी चिखलातच बसला होता, दमून, तोंडभर हसत. उर्वशी त्याच्याजवळ वाकली. काहीतरी बोलणार होती.

पण म्हैस आधी वळली. तिनं वगारीला डोक्यापासून शेपटीपर्यंत चाटलं. मग शेजारच्या डॉक्टरच्या हातालाही तोच वास आला, म्हणून तो हात चाटायला घेतला. मनगटापासून कोपर. कोपरापासून खांदा. सावकाश, डोळे अर्धे मिटून, लाडानं. अश्वजितला गुदगुल्या होत होत्या. तो खिदळत होता, आणि हात काही काढून घेत नव्हता.

उर्वशीनं ते जरा वेळ पाहिलं. मग आणखी जरा वेळ पाहिलं.

"पुरे झालं आता," ती म्हशीला म्हणाली, आणि त्याचा दुसरा हात धरून त्याला नळाकडे घेऊन गेली.